रेशनवर ज्वारी का नको?

मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि त्यांच्या जोडीला वर्धा, अशा चौदा जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना २०१५ सालापासून दरमहा माणशी पाच किलो धान्य सवलतीने मिळत असे. गहू दोन रुपये किलोने आणि तांदूळ तीन रुपये किलोने. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्यांची नावे देशाला ठाऊक झाली ते हे जिल्हे. २०२२ मध्ये केंद्राकडून ह्या योजनेसाठी येणारे धान्य थांबले. तेव्हा राज्य सरकारने धान्याचा विचारच सोडून दिला आणि २०२३ च्या आरंभापासून माणशी दरमहा १५० रुपये बँकेच्या खात्यात जमा करण्याचे ठरवले. २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये झाली. ह्या निर्णयाची जी थोडीफार चर्चा झाली ती रक्कम पुरेशी आहे काय आणि ती वेळेवर जमा होते काय, एवढ्यावर थांबली. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांच्याही आधीचा प्रश्न बाजूलाच राहिला. ज्याच्या नावाने सातबारा आहे, ज्याच्या वाडवडिलांनी ज्वारी पिकवून स्वतः खाल्ली आणि शहरांनाही पुरवली, त्या शेतकऱ्याला पोटासाठी आधी दूरच्या प्रांतातला गहू आणि मग गव्हाऐवजी रोकड का द्यावी लागते?

दुष्काळामुळे, असे उत्तर तत्काळ दिले जाते. ते सोपे आहे आणि अपुरे आहे. ज्वारी हे तर दुष्काळी मुलखाचेच पीक. भाद्रपदाच्या आणि आश्विनाच्या ओलीवर पेरावे, पुढे पाऊस पडला नाही तरी काळ्या जमिनीत धरलेल्या ओलाव्यावर ते वाढावे, माणसाला दाणा आणि जनावराला कडबा द्यावा, अशी त्याची ख्याती. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी अनेक दशकांनंतरही शेतकऱ्याने सोडलेली नाही, ती ह्याच गुणामुळे. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांहून अधिक जमीन होती. आज ती त्याच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी आहे. त्या वेळी नगण्य असलेल्या सोयाबीनने आता पंचेचाळीस लाख हेक्टरांच्या पुढे मजल मारली आहे. खरिपाची ज्वारी सोयाबीनने उठवली, रब्बीची हरभऱ्याने, आणि जिथे कालव्याचे वा विहिरीचे पाणी आले तिथे उसाने. पाऊस पूर्वीही लहरीच होता. बदलली ती धोरणे.

ह्या धोरणांचा इतिहास थोडक्यात पाहण्यासारखा आहे. १९६४ मध्ये ज्वारीचे पहिले संकरित वाण, सीएसएच-१, प्रसारित झाले. खेड्यात त्याला ‘हायब्रीड’ एवढेच नाव पडले. १९६५ मध्ये अन्न महामंडळ स्थापन झाले आणि प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली कृषिमूल्य आयोगही काम करू लागला. महाराष्ट्राने त्याच सुमारास ज्वारी आणि भात यांची एकाधिकार खरेदी सुरू केली होती. त्या खरेदीत लाचलुचपत होती, लेव्हीचा जाच होता, आणि तिच्याविरुद्ध खेड्यापाड्यांतून जी ओरड झाली ती निराधार नव्हती. परंतु त्या काळी रेशनच्या दुकानात ज्वारी मिळत असे, हेही तितकेच खरे. पुढे खरेदीचा जाच गेला, आणि त्याच्याबरोबर खरेदीही गेली. ज्वारीचा हमीभाव दरवर्षी जाहीर होत राहिला. तो भाव देऊन माल उचलणारी यंत्रणा मात्र गहू आणि तांदूळ यांच्यापुरतीच बलवान झाली. हमीभाव म्हणजे सरकारने दिलेला शब्द. जिथे वजनकाटा आणि गोदाम नाही तिथे तो शब्द कागदावरच राहतो. शेतकऱ्याने त्या कागदाचा अर्थ बरोबर ओळखला आणि ज्याला गिऱ्हाईक आहे ते पीक पेरले. त्यात त्याचा दोष काढण्याचे कारण नाही. हायब्रीडचे कणीस ऐन काढणीच्या वेळी पावसात सापडले की काळे पडते, पाखरे राखावी लागतात, ताटे उपटण्याचे कष्ट जीवघेणे आणि मजूर मिळत नाही; ह्या साऱ्या अडचणी घरात बसून ज्वारीचे गोडवे गाणाऱ्यांना दिसत नाहीत.

१९७२-७३ च्या दुष्काळाची आठवण येथे अपरिहार्य आहे. त्या वर्षी महाराष्ट्राने अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाल्ला, शाळांतून आणि कामांवरून सुकडी वाटली गेली. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला त्या दुष्काळाने बळ दिले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. जगातील अर्थशास्त्रज्ञांनी ज्याची दखल घ्यावी असे ते काम होते. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये भारतीय दारिद्र्याचे जे विवेचन केले त्यातही सार्वजनिक कामांवर असाच भर होता. परंतु महाराष्ट्राने त्या दुष्काळापासून अर्धाच धडा घेतला. कामाची हमी दिली. त्या कामाच्या मजुरीतून जे धान्य विकत घ्यावयाचे ते कोठून येईल, कोण पिकवील, ह्याचा विचार झाला नाही. मजुरी गावात, धान्य बाहेरचे, अशी रीत पडली आणि पन्नास वर्षांत ती इतकी मुरली की आता ती निसर्गनियमासारखी वाटते.

येथे एक सैद्धांतिक मुद्दा स्पष्ट करणे जरूर आहे, कारण रोख रकमेचे समर्थक अमर्त्य सेन यांचे नाव वारंवार घेतात. दुष्काळ हा धान्याच्या तुटवड्याने येतोच असे नाही, धान्यावरचा लोकांचा हक्क हिरावला गेल्याने येतो, असे सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. मग लोकांच्या हातात पैसा दिला की काम झाले, असा निष्कर्ष काढणे ही मात्र पळवाट आहे. सोयाबीन पिकवणाऱ्याचा धान्यावरील हक्क सोयाबीनच्या भावातून निर्माण होतो. तो भाव शिकागोच्या सट्ट्यावर आणि क्वालालंपूरच्या पामतेलावर हेलकावे खात असेल, तर लातूरच्या शेतकऱ्याचा भाकरीवरचा हक्कही तिथेच गहाण पडला आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात माल त्याच्या खूप खाली, चार हजारांच्या आसपास, विकला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढवण्यात आले आणि २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस कच्च्या तेलावरील मूळ शुल्क वीस टक्क्यांवरून दहावर उतरवण्यात आले. शहरातल्या ग्राहकाला तेल स्वस्त हवे, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. पण ज्याच्या पोटाचा आधार ह्या चढउतारावर आहे त्याला दरमहा १७० रुपये, म्हणजे किलोमागे चौतीस रुपये, देऊन सरकार मोकळे होते. भाव वाढले तर ती रक्कम आपोआप वाढेल अशी कोणतीही तरतूद तीत नाही. दुकानदार कमी तोलतो अशी तक्रार तहसीलदाराकडे करता येते. किमती वाढल्याची तक्रार कोणाकडे करावयाची?

ज्वारीबरोबर आणखी काय गेले, ह्याचाही हिशेब मांडला पाहिजे. खरिपाच्या ज्वारीत तुरीच्या ओळी असत, मूग असे. रब्बीच्या ज्वारीच्या शेतात करडईचे पाटे असत. घरची डाळ आणि घरचे तेल असे एकाच रानात पिके. करडईच्या घाण्या बंद पडल्या आणि त्यांची जागा परदेशी पामतेलाने घेतली; देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आज बाहेरून येते. कडबा गेला, तेव्हा गोठाही आकसला. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत सरकारला चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि त्यांवर मोठा खर्च झाला. ज्वारीला भाव देण्यास पैसा नाही असे सांगणाऱ्या शासनाने छावण्यांचा हा खर्च ज्वारीच्या खात्यावर मांडून पाहावा.

मुलांच्या प्रकृतीकडे पाहिले तर चित्र अधिकच अस्वस्थ करणारे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आहेत. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या, पाहणीत हे आकडे अनुक्रमे ३४.४ आणि २५.६ होते. म्हणजे देशातील एका संपन्न राज्यात अर्ध्या दशकात काहीही सुधारले नाही. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण तर ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर चढले. नुसती ज्वारी दिल्याने कुपोषण जाईल असे मानणे भाबडेपणाचे होईल. मुलाला डाळ, तेल, अंडी, दूध हे सर्व हवे, स्वच्छ पाणी हवे आणि आईला विश्रांती हवी. पण नुसता गहू-तांदूळ देऊन ते जात नाही, एवढे तर आता सिद्धच झाले आहे.

अंगणवाडीच्या आहाराची कहाणी ह्या संदर्भात उद्बोधक आहे. अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात कंत्राटदार नकोत, तो ग्रामसमुदाय, महिला मंडळे आणि बचत गट यांच्याकडे असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या ऑक्टोबरमध्ये बजावले. महाराष्ट्रात त्यानंतर काय झाले? निविदांच्या अटी अशा घातल्या गेल्या की गावच्या बचत गटाला दारही ओलांडता येऊ नये. अखेर २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेच त्या निविदा रद्द केल्या. बायकांनी गावातली ज्वारी, तूर, शेंगदाणे विकत घेऊन गावातल्याच मुलांना शिजवून घालावे, ह्या साध्या गोष्टीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जावे लागते. ह्यावरून धान्याच्या ह्या व्यवहारात कोणाचे हितसंबंध गुंतलेले आहेत ते कळून येते.

हे सारे बदलता येते काय? त्याचे एक उत्तर महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नाही. तेलंगणातील जहीराबाद हा तालुका, पूर्वीच्या मेडक जिल्ह्यातला. मराठवाड्याप्रमाणेच तोही निजामाच्या राज्यात होता. माती कुठे काळी, कुठे लाल आणि हलकी, पाऊस बेभरवशाचा, मजूर बहुतेक दलित. तेथे १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था दलित स्त्रियांच्या ‘संघम’ नावाच्या गटांबरोबर काम करीत आली आहे. तिचे एक प्रवर्तक पी. व्ही. सतीश २०२३ च्या मार्चमध्ये निवर्तले. ह्या स्त्रियांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर एक प्रयोग केला. गावातल्या अनेक लहान शेतकऱ्यांच्या जमिनी पडीक होत्या, कारण नांगरटीला आणि खताला पैसा नव्हता. रेशनच्या स्वस्त तांदळामुळे ज्वारी पेरण्याचे कारणही उरले नव्हते. संघमच्या स्त्रियांनी केंद्राच्या ग्रामविकास खात्याचे साहाय्य मिळवले आणि तीसेक गावांतून अशा पडीक जमिनी लागवडीखाली आणण्यासाठी शेतकऱ्यांना कर्ज दिले. अट एकच की कर्ज पैशात फेडावयाचे नाही, ज्वारीत फेडावयाचे, तेही हप्त्याहप्त्याने काही वर्षांत. कोणत्या शेतात नांगरट झाली, शेणखत पडले की नाही, पेरणी वेळेवर झाली की नाही, ह्यावर देखरेख स्त्रियांच्या समित्यांनीच केली. परतफेडीची ज्वारी गावातच, कडुनिंबाचा पाला घालून, साठवली गेली.

ती ज्वारी वाटली कशी, हा भाग सर्वांत महत्त्वाचा. गावात गरीब कोण हे ठरवण्यासाठी कोणा कारकुनाची यादी वापरली नाही. गावकऱ्यांनी चावडीपुढे जमून, जमिनीवर गावाचा नकाशा काढून, घराघराची परिस्थिती सर्वांसमक्ष ठरवली आणि रंगांच्या खुणांनी प्रतवारी केली. अगदी निराधार घराला जास्त ज्वारी, त्याहून बऱ्या घराला कमी. हाताला काम नसलेल्या महिन्यांत ती बाजारभावाच्या खाली विकली गेली आणि आलेला पैसा पुन्हा गावाच्या निधीत पडला. पडीक जमीन पिकली, मजुराला काम मिळाले, जनावराला कडबा मिळाला, आणि ज्यांना सरकारी कागदपत्रांत केवळ ‘लाभार्थी’ म्हटले जाते त्या स्त्रिया धान्याच्या मालकीण झाल्या. प्रयोग लहान होता, त्यामागे एका निष्ठावंत संस्थेचे बळ होते, आणि राज्याच्या प्रचंड यंत्रणेने त्याचे अनुकरण केले नाही, ह्या मर्यादा मान्य करावयास हव्यात. पण आहेत त्या माणसांनी आहे त्या जमिनीवर हे घडवले.

सरकारांनाही हे अशक्य नाही. कर्नाटकाने नाचणी आणि ज्वारी हमीभावाने घेऊन रेशनवर दिली. ओडिशाने २०१७ पासून आदिवासी भागातील नाचणीची खरेदी उभी केली आणि पुढे काही जिल्ह्यांत अंगणवाडीच्या मुलांना नाचणीचे लाडू दिले. फार काय, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातच भरड धान्य किलोला एक रुपया दराने देण्याची तरतूद होती आणि त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत विकेंद्रित खरेदी, भरड धान्याची खरेदी व स्थानिक साठवण ह्या गोष्टी शासनाची दिशा म्हणून नमूद आहेत. जानेवारी २०२३ पासून ह्या कायद्याखालचे धान्य मोफत झाले. त्याच वर्षी जगभर भरडधान्य वर्ष साजरे झाले, अर्थसंकल्पात ‘श्री अन्न’ असे नामकरण झाले, पंचतारांकित भोजनावळीत ज्वारीचे पदार्थ मांडले गेले. परिणाम असा की पुण्या-मुंबईच्या बाजारात मालदांडी गव्हापेक्षा महाग झाली आणि जिने ती उपटली, खुडली, ती मजूर स्त्री रेशनच्या गव्हाची पोळी लाटू लागली. गरिबाची भाकरी श्रीमंताचे पथ्य झाली.

आता थोडा हिशेब. दोन हजार वस्तीचे एक गाव घ्यावे आणि त्यातील पंधराशे माणसे अन्न सुरक्षा कायद्याखाली येतात असे धरावे. माणशी मिळणाऱ्या पाच किलोंपैकी दोन किलो ज्वारी द्यावयाची ठरवली, तर वर्षाला माणशी चोवीस किलो, म्हणजे गावाला ३६० क्विंटल ज्वारी लागेल. हेक्टरी नऊ क्विंटल एवढेच साधारण उत्पन्न धरले तरी तिला चाळीस हेक्टर, म्हणजे शंभर एकर जमीन पुरते. दोन हजार वस्तीच्या गावाच्या शिवारात शंभर एकर ही मोठी गोष्ट नव्हे. मालदांडीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे. त्या दराने गावात साडेतेरा लाख रुपये येतील आणि गावातच फिरतील. सरकारला हे परवडेल काय? अन्न महामंडळाला तांदूळ खरेदी करून, साठवून, वाहून आणण्याचा खर्च किलोला चाळीस रुपयांच्या घरात पडतो. ज्वारी ह्या भावाने साडेसदतीस रुपयांना पडेल आणि तिला शेकडो मैलांचा रेल्वेप्रवास नाही. तेव्हा कपात गव्हात नको, तांदळात करावी. ज्वारीच्या मुलखात तांदूळ हा तसाही पाहुणाच होता.

सबंध राज्यात एकदम हे करता येणार नाही. कायद्याखालच्या सात कोटी माणसांना पुरेल एवढी ज्वारी आज महाराष्ट्रात पिकतच नाही. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, जालना, परभणी अशा ज्वारीच्या जिल्ह्यांतून आरंभ व्हावा. कोकणात नाचणीचा, नंदुरबारच्या डोंगरात तेथल्या पिकांचा विचार व्हावा. ज्वारी फार टिकत नाही हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच केंद्राने २०२१ च्या डिसेंबरात ज्वारीच्या वाटपाची मुदत सहा महिन्यांवरून नऊ महिने केली. फाल्गुनात आलेली ज्वारी गावातच वाटावयाची असेल तर नऊ महिने पुरेसे आहेत. उरलेल्या महिन्यांत गहू आहेच. बाजारभाव हमीभावाच्या वर गेला तर शेतकरी सरकारला ज्वारी देणार नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्यावर उपाय एकच: पेरणीपूर्वी करार, आणि हमीभावावर राज्याचा बोनस. लेव्हीच्या मार्गाने पुन्हा जाऊ नये.

लोकांना गहूच हवा असतो, असेही म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. भाकरी थापणे हे बाईचे काम मानले गेले आहे आणि ज्वारीचे पीठ फार दिवस राहत नाही. दिवसभर रानात राबून आलेल्या बाईला चुलीपुढे आणखी तासभर बसवणारी अन्नसुरक्षा ही अन्नसुरक्षा नव्हे. म्हणून ज्वारीची सक्ती नको, निवड असावी. आणि गिरणी, चूल, घरातली कामाची वाटणी ह्याही गोष्टी ह्या प्रश्नाच्या बाहेरच्या नाहीत. १९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्या वेळी स्वयंपाकघर राजकारणात आले होते. ते परत चार भिंतींत गेले, ह्याला पुरोगामी चळवळही काही अंशी जबाबदार आहे.

‘स्थानिक’ ह्या शब्दाची भुरळ मात्र पडता कामा नये. गावात पिकले आणि गावात खाल्ले म्हणजे न्याय झाला असे नाही. जुन्या गावात ज्वारी पिकत होती, पेवे भरत होती. पण पेव पाटलाचे किंवा सावकाराचे असे आणि दुष्काळात ते उघडावयाचे की नाही हे त्याच्या मर्जीवर असे. गावकुसाबाहेरच्या माणसाला त्यातले मिळे ते उपकार म्हणून. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना परिषदेत ग्रामराज्याच्या स्तुतिपाठकांना जे खडे बोल सुनावले ते विसरून स्वयंपूर्ण गावाची भाषा करणे हे समाजवाद्यांना शोभणारे नाही. धान्यखरेदी गावात आली आणि ती ज्याच्या वाड्यात सोसायटी, दूध संघ आणि रेशनचे दुकान ही तिन्ही नांदतात त्याच्याच हाती पडली, तर कंत्राटदार बरा होता असे म्हणण्याची पाळी येईल.

ह्यातली एक अडचण विशेष लक्ष देण्यासारखी आहे. सरकारी खरेदीत नाव नोंदवावयाचे तर सातबारा हवा आणि त्यावर पीकपेरा हवा. बटाईने जमीन कसणाऱ्याकडे तो नसतो. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या कित्येक दलित कुटुंबांची अख्खी हयात तो मिळवण्यात गेली आहे. नवऱ्याच्या नावावरची जमीन प्रत्यक्षात जी बाई कसते तिच्याकडेही तो नसतो. लातूर-धाराशिव भागात काही महिला गटांनी घरच्या जमिनीपैकी एक एकर अन्नपिकांसाठी स्वतःच्या हाती घेतली आहे; त्या एकराचा माल विकावयाचा तरी नाव नवऱ्याचेच लागते. तेव्हा ज्वारीच्या खरेदीची मागणी करताना कसणाऱ्याच्या नावे नोंदणीची मागणी तिला जोडली नाही, तर साडेतेरा लाखांतला मोठा वाटा पुन्हा मोठ्या बागाईतदाराच्या घरात जाईल. पाच एकरांखालील शेतकरी, बटाईदार, गायरानधारक आणि महिला गट यांचा माल आधी घ्यावा, मग इतरांचा. काढणीच्या मजुरीचा दर ग्रामसभेत जाहीर व्हावा. गोदामाची किल्ली एका हाती नसावी. ज्या समितीकडे ती असेल तीत निम्म्या स्त्रिया आणि भूमिहीनांचे प्रतिनिधी असावेत.

अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक रेशन दुकानासाठी दक्षता समिती सांगितली आहे. बहुतेक गावांत ती कागदावर आहे, कित्येक ठिकाणी सदस्यांना आपण सदस्य आहोत हेही ठाऊक नसते. पक्षाच्या शाखांनी मुंबईच्या मोर्च्याची तारीख ठरण्याची वाट न पाहता ह्या समित्यांपासून सुरुवात करावी. समितीच्या सदस्यांची नावे मागून घ्यावी, गावात कोणत्या घरी किती माणसे व किती ज्वारी लागते ह्याची नोंदवही करावी, कोण किती एकर पेरण्यास तयार आहे ते लिहून घ्यावे. चौदा जिल्ह्यांतील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांनाही त्यात धरावे आणि रोकड की ज्वारी, हे त्यांनाच विचारावे. शंभर गावांच्या अशा नोंदवह्या जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर पडल्या, तर ‘मागणी नाही’ हे उत्तर देणे त्याला जड जाईल.

रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव केला तर तोवर बी जमिनीत पडलेले असते. नोंदवही १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे आली पाहिजे आणि तिची तयारी १ मेच्या सभेपासून व्हावयास हवी.